डबा बोलला की खाटेवर

नात रडत नव्हती. लेक हाकेला ओ देत नव्हती. आणि माझे पाय मला उचलत नव्हते.

पौषातली सकाळ होती, बाहेर धुकं. दार लावलेलं, खिडकीत गोधडी कोंबलेली. लेक माझ्याकडे बाळंतपणाला आलेली, नुकतीच न्हाऊन बाजेवर निजलेली. बाजेच्या पायांखाली विटा, बाजेखाली शेगडी, शेगडीत दगडी कोळशाचे लाल इंगळ. नातीचं बारसंही झालं नव्हतं. ती छपराच्या लोखंडी पाइपाला बांधलेल्या झोळीत होती. मी दाराजवळ जमिनीवर बसून लसूण सोलत होते. डोकं दुखत होतं, पण पौषात माझं डोकं दुखतंच.

"ऊठ वं, लाडू खाऊन घे," मी म्हटलं. उत्तर नाही. पाहावं म्हणून उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पुन्हा खालीच बसले. बसल्यावर जरा बरं वाटलं. पुन्हा उठले, पुन्हा गुडघे गेले. तेवढ्यात लेकीचं तोंड मात्र दिसलं. गाल लाल, ओठ लाल. ओल्या बाळंतिणीला असा रंग नसतो. जत्रेतून उन्हातून चालत आल्यासारखी दिसत होती. गुडघ्यांवर सरकत जाऊन गालाला हात लावला तर मान एकीकडे पडली.

रांगत परत दाराशी आले, कडी काढली. दार हललं नाही. बाहेरून खालच्या फटीत ओलं बारदान ठोकून बसवलं होतं. ते आमच्या घरमालकानं बसवलं होतं, आमच्याच भल्यासाठी. मी तिथंच पडले आणि हाताशी असलेला पितळेचा लोटा दारावर आपटत राहिले.

हा घरमालक कोण होता ते सांगितल्याशिवाय ती सकाळ कोणाला समजणार नाही.

वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. जुन्या बंद, काही चालू. दगड आणि कोळसा वरून टाकायचा, खालून चुना काढायचा. मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढं जन्मभर दगड फोडले, घमेली वाहिली. नवरा गेल्यावर भट्टीजवळ राहायला खोली शोधत होते. भट्ट्यांच्या खालच्या अंगाला एक जुनी खदान आहे, बुजत बुजत नुसता खोलगा उरलेली. तिच्या काठानं चढत जाणारी सात-आठ खोल्यांची ओळ होती. ती ओळ त्याची.

त्यानं माझी जात विचारली नाही, भाड्याचंही नाव काढलं नाही. ओट्यावर बसून विडी विझवत म्हणाला, "बाई, निजता कायवर?"

"जमिनीवर. अजून कायवर निजतात?"

"मंग खोली नाही."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. पण खोली पाहिजे होती. म्हटलं, खाट घेते. तर म्हणाला, खाट नुसती चालत नाही, उंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी खाट आणली तेव्हा तो स्वतः विटा घेऊन हजर होता. पायांखाली विटा सरकवल्या, खाटेखालून हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आता बसली तरी तुह्या खालीच बसंन थे."

"कोण?"

"हवा. दुसरं कोण?"

लोक त्याला हवाबुढा म्हणत. त्याच्या तोंडावर म्हणत आणि तो रागावत नसे. मी त्याला मालक म्हणत असे, तो मला चौथी पास.

त्याच्या खोल्यांच्या टिनावर रिकामे डबे ठेवलेले होते. तेलाचे, डालड्याचे, झाकण लावून डांबरानं बंद केलेले. दिवसभर ते उन्हात तापून फुगत. दिवस बुडाला की थंड होऊन आत ओढले जात, आणि ओढले जाताना वाजत. आधी एक, टण. मग दुसरा. मग एकदम तीन-चार. नवीन भाडेकरूंना वाटायचं छपरावर कोणी चालतंय. एक नवी सून पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाक टाकून बाहेर पळाली होती. तो अंगणात उभा राहून ओरडला, "काही नाही वं माय, डबा बोलला. चला, लेकरं खाटेवर घ्या."

मी विचारलं होतं, बोलतो म्हणजे काय होतं. मला वाटलं काही मंत्र-तंत्र सांगेल. त्यानं माझ्याच चुलीवर माझ्याच एका रिकाम्या डब्यात पाणी उकळवलं, वाफ निघू दिली, झाकण दाबून लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला. आम्ही दोघं पाहत बसलो. कोणी हात लावला नाही. डबा आपोआप चेपत गेला, जसं कोणी त्याला कवटाळून दाबतंय. माझा चांगला डबा वाया गेला म्हणून मी शिव्या दिल्या.

"हवा थंडी झाली का माणसावानीच वागते, चौथी पास," तो म्हणाला. "आखडते. जड होते. अन् खाली बसते. एकदा बसली का तिले उठवणं सोपं नाही."

"मंग बसू द्या. तुमचं काय खाते?"

तो चेपलेल्या डब्याकडे पाहत राहिला.

रोज डबे बोलले की तो फेरीला निघे. हातात चिमणी, टिनाच्या डबीतली वात. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा डिझेल घालू लागला. चिमणीला लांब तार बांधलेली. खोल्यांपुढून उतरत उतरत तो खोलग्यापर्यंत जाई आणि चिमणी घोट्याएवढ्या उंचीवर धरून पाऊल पाऊल पुढं सरके. आणि बोले. "आली का? बस. तिथंच बस. वर येऊ नको." घरात आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं, साधं. सकाळी उजाडताना पुन्हा तेच.

आमच्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात भूत, उतारा, अंगात येणं सगळं बंद. मी भूत मानत नाही. म्हणून एका सकाळी त्याच्यामागून खोलग्यात गेले, खोटं उघडं पाडायला. पानही हलत नव्हतं. त्यानं चिमणी कमरेएवढी धरली, ज्योत सरळ उभी. गुडघ्याएवढी नेली, सरळ. आणखी खाली नेली आणि ज्योत गेली. फडफडली नाही, धूर सोडला नाही. कोणी दोन बोटांनी चिमटीत धरावी तशी गेली. त्यानं काडी ओढून पुन्हा लावली, पुन्हा खाली नेली, पुन्हा तसंच. काडीसुद्धा तिथं खाली पेटेना.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "भट्टीचा दम हाय हा. गरम असते तवा वर जाते. आभाळात गार झाली का उतरून इथं येऊन बसते. पाण्यावानी साचते. दिसत मात्र नाही."

खाली पाहिलं तर दोन बेडूक पोट वर करून पडलेले होते, आणि एक घूस. अंगावर चावा नाही, रक्त नाही. मी त्याच्याआधी वर आले. त्यानंतर धुणं तिकडं वाळत घातलं नाही.

माझी एक कोंबडी तिकडंच झुडपात अंड्यांवर बसली होती. दोन दिवस घरी आली नाही म्हणून दुपारी, उन्हाच्या वेळी, शोधायला गेले. सापडली. पिसं फुलवून बसली होती, डोळे उघडे. "चल गं," म्हणून हात घातला तर लाकूड. अंड्यांवर बसल्या बसल्या गेली होती आणि बसलेलीच राहिली होती. मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. ते मला आवडलं नाही. मेलेल्याला मुंग्या लागायला पाहिजेत.

त्या दिवसापासून मी विटा नीट ठेवू लागले. पण हसायचं सोडलं नाही. कोणाच्या घरी पाहुणे आले की हवाबुढा विटा घेऊन दारात उभा. नवरदेव-नवरीच्या पलंगाखालीसुद्धा त्यानं विटा लावल्या. नवरदेव म्हणाला, "बाबाजी, आता जा." तर हा म्हणतो, "जातो, पण खाली उतरू नका." अख्ख्या गल्लीला वर्षभर हसायला ते पुरलं.

त्याच्या बायकोचं मला भट्टीवरच्या एका जुन्या कामकरणीनं सांगितलं. दोघं नवराबायको भट्टीवर होते, तरुण असताना. तो वरून कोळसा टाकायचा, ती खाली चुना भरायची. पौषात पहाटेचं काम आटोपून बायका भट्टीच्या बुडाशी खोलग्यात पडत, ऊब असे म्हणून. एके सकाळी बाकीच्या उठल्या, ती उठली नाही. "पण धुगधुगी होती हो," कामकरीण म्हणाली. "यानं उचलली तिले. एकट्यानं. थेट भट्टीवर चढवली, तोंडापाशी, शेक भेटावा म्हणून. मांडीवर घेऊन बसला. कोणाच्यान झाली असती एवढी मेहनत? पण नाही वाचली. खालच्या हवेनं खाल्ली."

मला तेव्हा त्यात काही वेगळं दिसलं नाही. माणूस बायकोसाठी धावला, एवढंच दिसलं. खोलग्याशी तो "आली का, बस" कोणाला म्हणतो, हे मात्र मी पुन्हा विचारलं नाही.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा तो आपणहून म्हणाला, माझी खोली घे. ओळीतली सगळ्यात वरची ती. स्वतः खालच्या खोलीत गेला. बाजेखाली दोनच्या जागी तीन विटा लावल्या. नात झाल्यावर झोळी त्यानंच बांधली, हात वर करावा लागेल एवढी उंच.

"पाजताना रोज शिडी लावू का?" मी म्हटलं.

"लाव. पण लेकरू खाली नको."

शेकासाठी गोवऱ्या पाहिजेत. हल्ली गोवऱ्या करतं कोण? इथं कोळसा रस्त्यावर सांडतो, सगळ्या घरी बाळंतिणीची शेगडी कोळशावरच असते. पण लोक धुराचीच शेगडी आत नेतात. याला ते पटेना. तो पहाटे अंगणात कोळसा पेटवे, धूर पुरता जाईपर्यंत फुंके, इंगळ लाल झाले की आणून ठेवी. "धूर नाही, म्हणजे भेव नाही," तो म्हणे. इतके दिवस खिडकी उघडी असे आणि काही झालं नाही. त्या दिवशी धुकं खोलग्यातून चढून पहिल्यांदाच वरच्या उंबऱ्याला लागलं होतं. तो घाबरला. खिडकीत गोधडी त्यानं कोंबली. बाहेर जाऊन दाराखाली बारदान ठोकलं. "आज थे वर येऊन राह्यली," एवढं म्हणाला आणि चिमणी घेऊन खाली गेला.

तर मी लोटा आपटत होते.

त्यानं बारदान उपसलं, दार ढकललं, आणि दारातच थबकला. हातात चिमणी होतीच. सवयीनं त्यानं ती आधी उंबऱ्याशी खाली धरली. मी तिथंच पडलेली होते, माझ्या नाकासमोर ती ज्योत होती. विझली नाही. उजळ झाली आणि खोलीच्या आत वाकली. बाहेरची गार हवा माझ्या तोंडावरून जमिनीला धरून आत शिरत होती, पायावर पाणी यावं तशी कळत होती. मग त्यानं चिमणी वर नेली, डोक्याएवढी. तिथं ज्योत बारीक झाली, लाल झाली आणि बाहेर वाकली.

तो पुतळ्यासारखा उभा. चिमणी खाली, चिमणी वर. पुन्हा खाली.

"दिवा काय पाह्यतं, मुडद्या," मी म्हटलं. "लेकरू पाह्य."

"उलटं हाय," तो म्हणाला.

"काय उलटं?"

"सगळं उलटं हाय. वर हाय थे. गरम हाय म्हणून वर हाय." आणि मग असा ओरडला की खालच्या खोल्यांतली माणसं बाहेर आली. "खाली घ्या. लेकरू खाली घ्या."

त्यानं श्वास कोंडला, आत गेला, झोळीतून नातीला काढलं. ती चिंधीसारखी लोंबत होती. ज्या माणसानं जन्मभर कोणाला जमिनीवर पाठ टेकू दिली नाही, त्यानं ते लेकरू उंबऱ्याच्या दगडावर उघडं ठेवलं, धुक्यात, गारठ्यात. ठेवताना त्याचा हात मागं येत होता. मी पाहिलं. दोनदा ठेवायला गेला आणि दोनदा उचललं. मग चिमणी तिच्या डोक्याशी ठेवली. ज्योत जळत राहिली. तेव्हा त्यानं हात सोडला.

दारातल्या हवेनं मला जरा जीव आला होता, माणसं पोचायच्या आत लेकीला आम्ही दोघांनी बाजेवरून ओढून पाडलं. उचलायची ताकद कोणात होती? पायांना धरून जमिनीवरून फरफटत दारापर्यंत आणलं. डोकं उंबऱ्याला आपटलं, त्याची खूण अजून आहे. शेजारच्या माणसानं शेगडी लाथेनं अंगणात उडवली. मग सगळे नातीकडे पाहत उभे राहिले. टिनावरचा एक डबा तेवढ्यात वाजला. सूर्य वर येत होता, डबे तापू लागले होते. मला एवढंच आठवतं की तो वाजला आणि त्याच्यामागून नात शिंकली.

शिंकली, मग आचका दिला, मग रडली. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखी. लेकीला उलटी झाली, तेव्हा मला कळलं की तीही आहे.

ऑटोनं वणीला नेलं. दवाखान्यात दोघींच्या नाकाला नळ्या लावल्या. डॉक्टरीण मला बोलली, त्याला बोलली, बाहेर उभ्या असलेल्या ऑटोवाल्यालाही बोलली. बंद खोलीत कोळसा म्हणजे मरणच, धूर असो की नसो, असं म्हणाली. आम्ही ऐकून घेतलं. संध्याकाळी लेक शुद्धीवर आली आणि तिनं पहिलं विचारलं, "माय, डोकं कायनं फुटलं माह्यं?" तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात आले.

तो तिथं फरशीवर बसला होता. बाक रिकामं होतं, पण फरशीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून. मी त्याला जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी चहा आणला होता, तो त्याच्यापुढं धरला. घेतला नाही.

"धुगधुगी होती तिच्यात," तो म्हणाला.

मला वाटलं नातीबद्दल बोलतो. "हाय ना. आता दूध पिऊन राह्यली."

"तिच्यात म्हणतो मी." त्यानं तळहात फरशीवर टेकवला. "खोलग्यातून काढली तवा हात धरला होता तिनं माह्या. काठावर ठेवली असती तर, नुसती वाऱ्यावर. मी तिले वर नेलतं, चौथी पास. तोंडापाशी, जिथून थे गरम निंघते. लय वेळ घेऊन बसलतो. सोडलीच नाही."

थंड झालेली हवा खाली बसते, हे त्याला कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. गरम असताना तीच हवा वर असते, हेही ठाऊक होतं, मला त्यानंच सांगितलं होतं. फक्त ते दोन्ही त्यानं कधी एका जागी ठेवून पाहिलं नव्हतं. ठेवलं असतं तर बायकोपर्यंत जावं लागलं असतं.

तुमचा दोष नाही असं म्हणता आलं असतं. मी तसं बोलत नाही. "च्या थंडा होऊन राह्यला," मी म्हटलं. त्यानं घेतला.

गल्लीतले लोक त्याला नंतर खूप बोलले. मी बोलले नाही. जे बोलायचं ते दारातच बोलून झालं होतं. घरी आल्यावर त्यानं सगळ्या खोल्यांतून विटा काढून नेल्या, एकेक करून, कोणाला काही न सांगता. लोक म्हणाले, राहू दे ना बाबा, आता सवय झाली. त्यानं ऐकलं नाही. खालच्या खोल्यांच्या विटा राहू द्यायला पाहिजे होत्या, कारण खोलगा काही खोटा नव्हता. मी त्याला तसं म्हटलं. तेव्हा तेवढ्या परत लावल्या, आणि पहिल्यांदा मला विचारून लावल्या.

फेरी मात्र बंद झाली नाही, बदलली. डबे बोलले की तो चिमणी घेऊन खाली जायच्याऐवजी वर जायचा, बायकोला नेलं होतं त्या, आता बंद पडलेल्या जुन्या भट्टीवर. तोंडाशी चिमणी ठेवून बसायचा. तिथं आता आग नव्हती, नुसती गार राख. खालून त्याचं बोलणं ऐकू येई. आधी म्हणायचा, आली का, बस. आता म्हणायचा, "चल, खाली चल." थोडं थांबून उतरायचा. उतरताना एक हात मागं असायचा, कोणाला धरून आणावं तसा. हे मी एकटीनं पाहिलेलं नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे. खोलग्याच्या काठाशी आला की तो हात सोडायचा आणि घरी जायचा.

पुढच्या पावसाळ्यात तो झोपेत गेला. जमिनीवर, चटईवर.

डबे अजून टिनावर आहेत. काढायचे म्हणते आणि राहतं. दिवस बुडाला की बोलतात. नात सुटीत येते तेव्हा विचारते, "आजी, वर कोण चालते?" मी सांगते, हवा आखडून राह्यली, जेव.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघी होतो. तिघी जगलो.